मार्क की अनुभव? नव्या पदवीधराच्या नोकरीत कुणाचं काम कुठे

नोकरीला मार्क उपयोगी पडतात की अनुभव, यावरून घरात दोन तट पडलेले असतात. वडील म्हणतात, आधी डिस्टिंक्शन काढ, बाकीचं नंतर बघू. हिंजवडीत दोन-तीन वर्षं काढलेला चुलतभाऊ म्हणतो, आमच्याकडे मार्कशीट कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. दोघंही खरं बोलत असतात. वडिलांच्या डोळ्यासमोर अर्ज भरण्याची पायरी असते आणि भावाच्या डोळ्यासमोर दुसऱ्या नोकरीची मुलाखत. मधल्यामधे तिसऱ्या वर्षाला असलेलं पोर गोंधळून जातं. ज्याने पॉइंटर (दहापैकी मोजली जाणारी सरासरी, म्हणजे सीजीपीए) सांभाळायला हवा तो इंटर्नशिपच्या मागे धावतो, आणि जिने कारखान्यात जाऊन हात काळे करायला हवेत ती आठ पॉइंट चारचे साडेआठ करत बसते.

मी इंजिनीअरिंग कॉलेजात प्लेसमेंटचं काम बघतो, त्यामुळे उदाहरणं बहुतेक तिथलीच देतो. माझं म्हणणं थोडक्यात असं की मार्क आणि अनुभव एकाच वेळी तपासलेच जात नाहीत. तुम्हाला अजून कुणी पाहिलेलं नसतं तेव्हा मार्क बघितले जातात. अनुभवाचा विषय निघतो तो समोर बसून कुणी प्रश्न विचारायला लागल्यावर. पहिल्या टप्प्यावर अनुभव चालत नाही आणि दुसऱ्या टप्प्यावर मार्क फारसे बोलत नाहीत.

पहिला टप्पा प्रत्यक्षात कसा असतो ते सांगतो. कंपनीचा मेल येतो. त्यात क्रायटेरिया दिलेला असतो: दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री, सगळीकडे 60 टक्के, लाइव्ह बॅकलॉग (अजून पास न झालेला विषय, म्हणजे केटी) नको, शिक्षणात मोठी गॅप नको. मुलांच्या भाषेत ‘सिक्स्टी थ्रूआउट’. टीसीएसच्या एनक्यूटी या भरती परीक्षेची अट वर्षानुवर्षं हीच राहिली आहे: प्रत्येक टप्प्यावर 60 टक्के किंवा 6 सीजीपीए. आम्ही एक्सेलची शीट उघडतो, त्या रकान्यांना फिल्टर लावतो आणि सातशे नावांतली साडेतीनशे उरतात. या शीटमध्ये इंटर्नशिपचा रकानाच नसतो. एखाद्या मुलाने सगळ्या सुट्ट्या मिळून सहा महिन्यांचं काम केलेलं असलं तरी दहावीला 58 टक्के असतील तर त्याचं नाव त्या फिल्टरमध्ये गळून जातं, आणि कंपनीला तो होता हेसुद्धा कळत नाही. 59.4 चे 60 कुणी धरत नाही. हे मला कधीच पटलेलं नाही. पंधराव्या वर्षी आजारपणात, किंवा घरातल्या एखाद्या मृत्यूच्या वर्षी दिलेली परीक्षा बाविसाव्या वर्षी आडवी यावी, याचं समर्थन मला करता येत नाही. पण हजारो अर्ज आले की कंपनी सोपा आकडा शोधते, आणि मार्क हा हाताशी असलेला सगळ्यात सोपा आकडा आहे.

यात एक खाचखळगा मुलांना फार उशिरा कळतो. 6 पॉइंटर म्हणजे 60 टक्के नव्हेत. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या सूत्राप्रमाणे पॉइंटरमधून पाऊण वजा करून दहाने गुणायचं असतं. म्हणजे 6.75 ला 60 टक्के होतात, 7.25 ला 65, आणि 6.5 वाल्याचे होतात साडेसत्तावन्न. काही कंपन्या ‘60 टक्के किंवा 6 सीजीपीए’ म्हणतात, तिथे प्रश्न येत नाही. जाहिरातीत नुसते टक्के मागितले असतील तिथे मात्र 6.5 वाला बाहेर जातो. अनेक विद्यापीठांचं स्वतःचं वेगळं सूत्र असतं. तुमच्या विद्यापीठाचं सूत्र आणि त्याचं पत्र तिसऱ्या वर्षातच मिळवून ठेवा. कागदपत्रं तपासायच्या दिवशी ते शोधत बसायची वेळ येऊ नये.

क्रायटेरियाच्या वर गेल्यावर काय होतं? एकदा चाळणी पार केली की 7.4 आणि 8.4 एकाच डब्यात येतात. ॲप्टिट्यूड टेस्ट दोघांना सारखीच, कोडिंगचा प्रश्न सारखाच. वरचा एक पॉइंट संशोधनात, परदेशी एमएसच्या अर्जात आणि काही मोजक्या कोअर (स्वतःच्या शाखेचं काम असलेल्या) कंपन्यांत मोलाचा ठरतो. बाकी ठिकाणी त्याचा नोकरीवर होणारा परिणाम इतका कमी आहे की त्यासाठी अख्खी उन्हाळी सुट्टी खर्च करू नये असंच मी मुलांना सांगतो.

सरकारी वाटेवर हीच गोष्ट आणखी ठळक दिसते. एनटीपीसी ही सरकारी वीज कंपनी गेट या इंजिनीअरिंगच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर इंजिनीअर घेते, पण खुल्या गटाला डिग्रीत 65 टक्के हवेतच. गेटमध्ये कितीही वरचा रँक आला तरी 63 टक्केवाल्याला तिथे दार बंद. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षणासाठी डिग्रीत 60 टक्के लागतात. उलट यूपीएससीची नागरी सेवा, एमपीएससीच्या राज्यसेवेतली बहुतेक पदं आणि आयबीपीएसची बँक पीओ परीक्षा यांना फक्त पदवी पुरते, टक्क्यांची अट नाही. ‘सरकारी नोकरीला मार्क लागतात’ असं सरसकट कुणी सांगितलं तर ऐकू नका, जाहिरातीतला पात्रतेचा परिच्छेद स्वतः वाचा.

मार्क आणि अनुभव यांची सगळ्यात स्वच्छ लढत मला न्यायाधीशांच्या भरतीत दिसते. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी एमपीएससी परीक्षा घेते. 2008 च्या नियमांनुसार त्यात मुख्य दोन वाटा होत्या: तीन वर्षं वकिली केलेली असावी, किंवा विधी पदवीच्या परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास होऊन किमान 55 टक्के मिळालेले असावेत. एका बाजूला कोर्टात घालवलेली तीन वर्षं आणि दुसऱ्या बाजूला न अडखळता मिळवलेले मार्क, दोन्ही समान मानले होते. तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये घातली होती, 2002 मध्ये काढली, आणि 20 मे 2025 रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ती पुढच्या भरतीसाठी परत आणली. ताज्या पदवीधरांना थेट न्यायाधीश नेमण्याचा वीस वर्षांचा अनुभव चांगला नव्हता, हे त्यामागचं कारण. सुनावणी कशी चालते, साक्षीदार कसा बोलतो, पक्षकार किती वेळा हेलपाटे घालतो हे पुस्तकात कळत नाही. हा निर्णय मला पटतो. पण त्याची दुसरी बाजूही खरी आहे. अमरावतीची किंवा लातूरची, घरात कुणी वकील नसलेली मुलगी ती तीन वर्षं कशावर काढणार? ज्युनिअर वकिलाच्या हातात सुरुवातीला किती पैसे पडतात हे कोर्टाच्या आवारात कुणालाही विचारा.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. मार्कांची चाळणी निर्दय आहे, पण तिला ओळखपाळख कळत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये उमरग्याच्या मुलाला आणि कोथरूडच्या मुलाला एकच पेपर येतो. अनुभव मिळवायला मात्र आधी कुणीतरी आत घ्यावं लागतं, आणि आत घेणारा बहुतेक वेळा कुणाचा तरी मामा, काका किंवा बाबांचा मित्र असतो. वर बिनपगारी इंटर्नशिप असेल तर पुण्यात दोन महिने राहायचं, कॉट बेसिसचं भाडं आणि मेसचे पैसे घरून आणायचे. ज्यांच्या घरी ते जमत नाही त्यांनी अनुभव आणायचा कुठून? म्हणून ‘आता मार्क नकोत, स्किल हवं’ असं कुणी उत्साहाने बोललं की मला त्या मुलांची काळजी वाटते.

आता दुसरा टप्पा, मुलाखतीचा. इथे अनुभवाची किंमत किती असते ते एका मुलाखतीत फार जवळून पाहिलं. पंप बनवणाऱ्या कंपनीचं पॅनेल होतं, मेकॅनिकलची मुलं. 8.6 पॉइंटरच्या मुलाला विचारलं, ट्रेनिंगमध्ये काय केलंस? तो म्हणाला, “सर, कंपनीत सगळे डिपार्टमेंट बघितले, प्रोसेस समजून घेतली.” पुढे विचारायलाच काही उरलं नाही. मग 6.9 ची मुलगी आली. ती कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ट्रेनिंगला होती. तिला दिलेलं काम कंटाळवाणं होतं: रिजेक्शनचं रजिस्टर भरणं. तिने ते पाळीनुसार आणि दोषानुसार वेगळं काढलं. केसिंगच्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे पोकळ्या, येत होते आणि पहिल्या पाळीत ते जास्त दिसत होते. सकाळी सँड प्लांट सुरू झाल्यावर वाळूचं मोइश्चर न तपासताच मोल्डिंग, म्हणजे वाळूचे साचे करणं, सुरू व्हायचं, हे तिच्या लक्षात आलं. वाळूत पाणी जास्त झालं की वाफ होते, ती निघायला वाट मिळाली नाही की धातूत अडकते आणि तिथे पोकळी राहते. पॅनेलमधल्या एकाने विचारलं, मोइश्चर किती ठेवतात तिथे? ती म्हणाली, “तीन ते चार टक्क्यांच्या मधे, पण वाळूप्रमाणे बदलतं.” मग त्या साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुढचा बराच वेळ दोघं वाळूवरच बोलत राहिले. पहिला मुलगा हिच्यापेक्षा कमी हुशार नव्हता. त्याला सांगण्यासारखं काही मिळालं नव्हतं, आणि त्याने ते मागितलंही नव्हतं.

आणि तरीही, त्या मुलीचे 60 टक्के नसते तर ती त्या खोलीत आलीच नसती.

अमेरिकेत बनावट बायोडेटा पाठवून एक प्रयोग झाला होता, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. पदवी मिळण्याआधी इंटर्नशिप केल्याचा उल्लेख असलेल्या बायोडेटांना मुलाखतीची बोलावणी सुमारे 14 टक्के जास्त आली. बिझनेसची पदवी असण्या-नसण्याने मात्र बिझनेसच्या नोकऱ्यांतही फरक पडला नाही. तिथली भरती आपल्या कॅम्पससारखी होत नाही, म्हणून तो आकडा इथे जसाच्या तसा लावू नये. दिशा मात्र आपल्या ऑफ-कॅम्पस भरतीत मला तशीच दिसते, कारण तिथे बायोडेटा माणूस वाचतो.

अनुभवाच्या नावाखाली काय काय विकलं जातं तेही सांगायला हवं. पैसे भरून मिळणारं महिन्याभराचं ‘इंटर्नशिप’ सर्टिफिकेट हा अनुभव नाही, तो क्लास आहे. क्लास लावायला हरकत नाही, पण त्याला इंटर्नशिप म्हणू नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. नव्या शैक्षणिक धोरणात एमए, एमकॉम, एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. त्यासाठी ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणून क्रेडिट मिळतील, अनुभव मिळणार नाही. ज्या कामात तुमच्या चुकीने कुणाचं तरी काही अडलं असतं, ते काम अनुभवात धरावं.

इंटर्नशिप आणि ॲप्रेंटिसशिप यांतही गल्लत होते. इंटर्नशिप बहुतेक वेळा शिकत असताना होते, आणि पैसे द्यायचे की नाही हे कंपनी ठरवते. ॲप्रेंटिसशिप 1961 च्या कायद्याखाली येते. तिचा करार होतो आणि विद्यावेतन द्यावंच लागतं. 2019 च्या नियमांत पदवीधराला महिना किमान 9,000 आणि डिप्लोमावाल्याला 8,000 रुपये ठरले. 2025 मध्ये केंद्रीय ॲप्रेंटिसशिप परिषदेने त्यात 36 टक्के वाढीची शिफारस केली. नॅट्स या केंद्रीय योजनेत किमान रकमेचा अर्धा वाटा सरकार उचलतं, त्यामुळे छोटा कारखानदारही माणूस घ्यायला तयार होतो. महाराष्ट्र आणि गोव्याचं हे काम मुंबईत सायनच्या बोर्ड ऑफ ॲप्रेंटिसशिप ट्रेनिंगकडून चालतं. ओळख नसलेल्या, घरून पैसे आणू न शकणाऱ्या मुलासाठी अनुभवाची ही सगळ्यात सरळ वाट आहे, आणि तिचा वापर आपल्याकडे फार कमी होतो याचं मला वाईट वाटतं. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आली. तिच्यात पदवीधराला महिना 10,000 रुपये ठरले होते.

मग करायचं काय, ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. दुसऱ्या वर्षाला आहात आणि पॉइंटर सव्वासहा आहे, केटी लटकली आहे, तर इंटर्नशिप विसरा. पॉइंटर आधी पावणेसातच्या वर न्या, केटी काढा. साडेसात आहे, तर पुढची सुट्टी कारखान्यात, सीएच्या ऑफिसात, लॅबमध्ये, जिथे तुमचं क्षेत्र असेल तिथे घालवा आणि रोज काय केलं ते वहीत लिहा. दहावी-बारावीलाच साठच्या खाली आहात, तर ते आता बदलता येणार नाही. कॅम्पसच्या बऱ्याच कंपन्या तुमच्यासाठी नाहीत हे आजच धरून चाला, आणि एमआयडीसीतल्या मध्यम कंपन्या, ऑफ-कॅम्पस, ॲप्रेंटिसशिप आणि टक्के न विचारणाऱ्या परीक्षा यांच्याकडे वळा. तिथे माझ्या डोळ्यांदेखत मुलं लागली आहेत.

ॲप्रेंटिसशिपचा विचार असेल तर एका अटीकडे लक्ष ठेवा. एक वर्ष किंवा त्याहून जास्त नोकरीचा अनुभव झाला की पदवीधर ॲप्रेंटिस म्हणून घेत नाहीत. ‘आधी मिळेल ते करतो, मग सरकारी कंपनीत ॲप्रेंटिस होतो’ असा क्रम लावला तर ती वाट बंद होते. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की नॅट्सच्या पोर्टलवर नोंदणी करा, आणि बाकीचे अर्ज त्याच आठवड्यात सुरू ठेवा.