दाभोळ खाडीतील होडीप्रवास

रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी नदीच्या मुखापासून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत लहान यांत्रिक होडीने केला जाणारा दिवसभराचा जलप्रवास. खाडीच्या उत्तर काठावर दाभोळ, दक्षिण काठावर धोपावे, वेलदूर आणि अंजनवेलचा गोपाळगड. वाटेत उत्तरेकडून, म्हणजे खेडच्या बाजूने, जगबुडी नदी येऊन मिळते. 2016 च्या कायद्याने हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 28 झाला. पण जलमार्ग म्हणून त्याची ओळख फार जुनी आहे. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले मातब्बर बंदर होते, आणि 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते लुटून जाळले.

या प्रवासाचे वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट हा हिशेब चालतो. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून त्या दिवशी भरती साधारण सव्वाअकराला पुरी होते. अष्टमीला सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. खाडीत आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते, हेही धरावे लागते. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास दाभोळहून निघालेली होडी चढत्या पाण्याबरोबर वर जाते आणि दुपारी ओहोटीबरोबर परतते. इंधन वाचते आणि उथळ जागांवर पाणीही मिळते.

परतीची वाट मात्र कठीण. सकाळचा जमिनीवरून येणारा मतलई वारा पडून दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. तो आत येणारा आणि ओहोटी बाहेर जाणारी. दोन्ही समोरासमोर आले की मुखाजवळच्या रुंद पाण्यात लाटा आखूड आणि उभ्या होतात. म्हणून शहाणा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, गोवळकोटला जेवणावर फार वेळ घालवत नाही.

वळणावर खोल पाणी बाहेरच्या काठाला असते, आतल्या बाजूला गाळ साचतो. सरळ रेघ धरणारी होडी तिथेच रुतते, आणि मग पुढच्या भरतीपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो. जाळी बांधलेले खुंट दिसले की इंजिन मंद करावे, नाहीतर दोरी पंख्यात गुंतते आणि मच्छीमाराचे जाळेही फाटते.

वरच्या भागात पाणी गोडसर होत जाते. कोयना प्रकल्पात वीजनिर्मितीनंतर सुटणारे पाणी पोफळीकडून वाशिष्ठीत येते, त्यामुळे उन्हाळ्यातही नदी वाहती राहते. काठाला कांदळवन आहे. गोवळकोटच्या अलीकडे मगरी आहेत. हिवाळ्यात ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर त्या जबडा वासून ऊन घेत पडतात. भर भरतीला त्या क्वचितच दिसतात, तेव्हा मगरींसाठी येणाऱ्याने उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपासचा दिवस धरणे बरे. इंजिन लांबूनच बंद करावे, जवळ गेलेली होडी त्यांना पाण्यात पिटाळते.

पावसाळ्यात हा प्रवास करू नये. घाटावरून येणारा लोंढा भरतीने अडला की पाणी गावात शिरते. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या महापुरात अतिवृष्टी आणि भरती एकत्र आल्या होत्या. होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात त्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास.