मनाम्यातली दोन इस्पितळे: एक मिशनचे, एक एजन्सीचे

मिरजेच्या माणसाला ‘मिशन’ आणि ‘सिव्हिल’ यांतला फरक कुणी समजावून द्यावा लागत नाही. वानलेस डॉक्टरांचे मिशन हॉस्पिटल कुणाचे आणि सरकारी दवाखाना कुणाचा, हे तिथे पोरासोरांनाही कळते. आखाताच्या इतिहासाबद्दल बोलताना मात्र आपण हा फरक सहज विसरतो. बहरीनच्या मनामा शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी अशीच एक जोडी उभी राहिली. 1903 मध्ये अमेरिकन मिशनचे मेसन मेमोरियल सुरू झाले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच इंग्रजांच्या पोलिटिकल एजन्सीचे व्हिक्टोरिया मेमोरियल. गाव एक, काळ एक, नावात दोन्हीकडे ‘मेमोरियल’, डॉक्टर दोन्हीकडे परके. मग ‘इंग्रजांनी मिशनरी पाठवून मोतीवाल्या बेटावर दवाखाने काढले’ असे एक कडबोळे वाक्य तयार होते आणि लेखालेखांतून फिरत राहते. ते चुकीचे आहे.

आधी मिशनचे पाहू. सॅम्युएल झ्वेमर आणि जेम्स कँटाइन या दोघा अमेरिकनांनी 1889 मध्ये अरेबियन मिशन काढले. झ्वेमर 1892 मध्ये बहरीनला पोचला. पुढे 1894 मध्ये अमेरिकेतल्या रिफॉर्म्ड चर्चने हे मिशन आपल्या पंखाखाली घेतले. तमिळनाडूतले आर्काट मिशन, ज्यातून पुढे वेल्लोरचे मोठे रुग्णालय उभे राहिले, तेही याच चर्चचे. म्हणजे झ्वेमरचे धनी न्यूयॉर्कला होते, लंडनला नव्हे आणि कलकत्त्यालाही नव्हे. मेसन हे नाव देणगी देणाऱ्या अमेरिकन कुटुंबाचे. पहिले डॉक्टर शॅरन थॉम्स आणि त्यांची पत्नी मॅरियन वेल्स थॉम्स. दोघेही शिकलेले डॉक्टर, आणि बाईमाणूस डॉक्टर असणे याला तिथे मोल होते, कारण परक्या पुरुषासमोर पदर बाजूला करणार नाहीत अशा बायकांची संख्या काही थोडी नव्हती. झ्वेमरची पत्नी एमी ही स्वतः नर्स होती. या लोकांनी किंमतही मोजली. झ्वेमर दांपत्याच्या दोन लहान मुली 1904 मध्ये आठवड्याभराच्या अंतराने गेल्या, आणि पुढच्या वर्षी मॅरियन थॉम्सही.

मिशनच्या दवाखान्यात औषधाआधी प्रार्थना होत असे. बायबलमधला उतारा वाचायचा, मग बाटली द्यायची. गरिबाला फुकट, ऐपतदाराकडून पैसे. धर्मांतरे बोटांवर मोजण्याइतकीच झाली. लोक आले ते गळू कापून घ्यायला, मोतीबिंदू काढून घ्यायला. त्याआधी त्यांच्याजवळ उपाय होता तो डाग देण्याचा. तापल्या लोखंडाने पोटावर, मानेवर डागायचे, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांनाही अनोळखी नाही.

आता एजन्सी. इथे जरा थांबावे लागेल, कारण गोंधळाचे मूळ इथे आहे. साताऱ्याचा रेसिडेंट, कोल्हापूरचा पोलिटिकल एजंट हे शब्द आपल्या इतिहासात आहेत. आखातातही तीच यंत्रणा, तशीच नावे. सगळ्या आखाताचा मुख्य अधिकारी म्हणजे पोलिटिकल रेसिडेंट. तो इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला बसे. त्याचा हाताखालचा माणूस बहरीनमध्ये. तिथे 1900 मध्ये आधी असिस्टंट एजंट नेमला आणि 1904 मध्ये ते पद पूर्ण पोलिटिकल एजंटाचे झाले. पहिला एजंट कॅप्टन प्रिडो. लोक त्याला ‘बालयूज’ म्हणत. पण हा सगळा कारभार लंडनहून नव्हे, हिंदुस्थान सरकारकडून चाले. 1873 पर्यंत तर तो मुंबई सरकारच्याच अखत्यारीत होता. बहरीन मात्र हिंदुस्थानाचा भाग नव्हता. शेख गादीवर होता, 1861, 1880 आणि 1892 च्या करारांनी त्याचे परराष्ट्र व्यवहाराचे हात बांधलेले होते, घरातला कारभार कागदोपत्री त्याचाच.

व्हिक्टोरिया मेमोरियल हे या यंत्रणेचे अपत्य. राणी 1901 मध्ये वारली, तिच्या स्मरणार्थ वर्गणी जमली आणि त्यातून इमारत उभी राहिली. चालवणारी मात्र एजन्सी. डॉक्टर येई तो हिंदुस्थानातल्या दुय्यम वैद्यकीय खात्यातला असिस्टंट सर्जन. त्याच्या वरती बुशहरचा रेसिडेन्सी सर्जन, आणि त्याच्याकडे इस्पितळांइतकेच मोठे दुसरे काम असे: आखाताच्या क्वारंटीनची सारी देखरेख. मुंबईहून बसऱ्याला जाणारी टपालबोट बंदरोबंदर थांबत जाई, आणि 1896 मध्ये मुंबईत प्लेग फुटल्यापासून या बोटींकडे सगळेच संशयाने पाहत. बोट अडवायची की सोडायची, किती दिवस, हा आजाराचा प्रश्न होताच, पण व्यापाराचा आणि राजकारणाचाही होता. मिशनच्या डॉक्टरला बंदरावर असा कुठलाच अधिकार नव्हता. एका इस्पितळाच्या डॉक्टरच्या सहीने जहाज अडते आणि दुसऱ्याच्या सहीने फक्त औषध मिळते, हे लक्षात घेतले की या दोघांना एका दावणीला बांधता येत नाही.

इथे पुण्याची आठवण येणे स्वाभाविक आहे. 1897 चा साथरोग कायदा, घरोघर घुसलेले सोल्जर, रँड. बहरीनमध्येही पुढे 1903 आणि 1907 मध्ये प्लेग आला. पण तिथे तो कायदा लागू नव्हता आणि शेखच्या प्रजेवर एजंटाचा थेट हुकूम चालत नव्हता. परक्यांवरची इंग्रजांची न्यायसत्ता नियमित झाली ती 1913 च्या हुकुमाने, आणि तो अमलात आला 1919 मध्ये. म्हणजे ज्या सरकारने पुण्यात घरांची दारे उघडायला लावली, त्याच सरकारच्या माणसाला मनाम्यात शेखची मनधरणी करावी लागे. इस्पितळ हे त्या मनधरणीचे एक साधन होते, असे मला वाटते. कर्झनने 1903 च्या अखेरीस आखाताचा दौरा केला तो फौजफाटा आणि दबदबा दाखवायला. पण बेटावर रोज दिसणारी इंग्रजी सत्ता तुलनेने साधी होती: झेंडा, टपाल आणि दवाखाना.

आता पेशंटकडे वळू. दोन्हीकडे येणारा माणूस बराचसा एकच असे: समुद्रात बुडी मारून मोती काढणारा पाणबुड्या. बहरीनची भाकरी मोत्यांवर होती. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी नोंदीप्रमाणे बेटावरून 900 हून अधिक होड्या आणि साडेसतरा हजारांच्या आसपास माणसे मोत्याच्या हंगामावर जात. आपल्याकडच्या नथींतले, चिंचपेट्यांतले जे ‘बसरा मोती’, त्यांतले बरेच याच पाण्यातून मुंबईच्या बाजारात आले. उन्हाळा ते सप्टेंबर हा मोठा हंगाम. पायाला दगड बांधून खाली जायचे, नाकाला चाप, गळ्यात जाळीची टोपली, आणि शिंपले भरले की वरच्या ‘सैब’ने दोरीने ओढून घ्यायचे. असे दिवसातून कित्येक वेळा. कानाचे पडदे फाटत, डोळे सुजत, खाऱ्या पाण्याने अंग सोलून निघे, गोड्या पाण्याच्या टंचाईत आणि खजूर-भात-मासळीच्या एकसुरी जेवणात स्कर्व्ही होई. जेलीफिशच्या चटक्यांपासून वाचायला पाणबुडे काळे सुती कपडे घालत.

पण एक गोष्ट या दोन्ही इस्पितळांच्या बाबतीत सारखीच खरी आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. दोन्ही जमिनीवर होती. मोती काढण्याचे खडक दूर समुद्रात, माणसे तिथे आठवडेच्या आठवडे होडीवर. डॉक्टर त्यांच्याजवळ नव्हता, मिशनचाही नाही, एजन्सीचाही नाही. कान फुटला तो फुटल्यावर महिना-दोन महिन्यांनी दवाखान्याच्या दारात येई.

दुसरा आजार औषधाच्या आवाक्याबाहेरचा होता: कर्ज. हंगामाआधी ‘सलफ’ म्हणून उचल, हंगाम नसताना ‘तिसगाम’ म्हणून आणखी उचल, आणि हिशेब नाखुद्याच्या, म्हणजे होडीच्या कप्तानाच्या, वहीत, जी पाणबुड्याला वाचता येत नसे. कर्ज बापाकडून मुलाकडे उतरे. मिशनच्या पॉल हॅरिसनने, जो 1910 च्या सुमारास आला, यावर लिहिले आणि चीड व्यक्त केली. बदल करण्याची सत्ता त्याच्याकडे नव्हती. ती एजन्सीकडे होती, आणि मेजर डेली या एजंटाच्या काळात, 1923 नंतर, सुधारणा आल्या: उचलीवर मर्यादा, प्रत्येक पाणबुड्याला स्वतःची हिशेबवही. गंमत अशी की मर्यादा घातल्याने हातात कमी पैसे येतात म्हणून पाणबुड्यांनीच 1926 आणि 1932 मध्ये दंगे केले. त्याच सुमारास जपानी कल्चर मोत्यांनी आणि 1929 च्या मंदीने हा सारा धंदाच झोपवला होता, आणि 1932 मध्ये बहरीनमध्ये तेल लागले.

हॅरिसनचे आणखी एक उदाहरण फरक ठसवते. अरबस्तानाच्या आतल्या मुलखाचा सत्ताधीश इब्न सौद याने त्याला 1917 मध्ये रियाधला बोलावले. हे निमंत्रण डॉक्टरला आले होते, सरकारला नव्हे. मिशनने आखातभर आपले जाळे पसरवले, कुवेतला इस्पितळ उभे केले, मस्कतला केंद्र चालवले. इंग्रज अधिकाऱ्यांना अमेरिकन डॉक्टरांचा असा आतल्या मुलखातला संचार फारसा रुचत नसे, कारण कोण कुठे जाते यावर त्यांना नजर हवी होती. एजन्सीचा असिस्टंट सर्जन मात्र आपल्या एजंटाच्या परवानगीशिवाय कुठे जाणार? तो नोकरदार, बदलीचा माणूस.

कागदपत्रे चाळताना ओळखायची एक खूण सांगतो. मिशनची पत्रे देणगीदारांसाठी लिहिलेली असत, म्हणून त्यांत एखादा रोगी पूर्ण नावागावासकट येतो, त्याचे रडणे, त्याचे बरे होणे, त्याने ऐकलेली प्रार्थना सगळे येते. एजन्सीच्या फायलीत आकडे, पगार, दुरुस्तीचा खर्च, क्वारंटीनची फी. एकात माणूस आहे पण तो थोडा सजवलेला, दुसऱ्यात हिशेब आहे पण माणूस नाही. आणि ज्या कागदात फक्त ‘हॉस्पिटल’ असे लिहिले असेल, तिथे कागद कुणाच्या टेबलावरचा हे आधी पाहा: एजंटाच्या रोजनिशीत तो व्हिक्टोरियाचा उल्लेख समजा, मिशनच्या पत्रात मेसनचा. व्हिक्टोरिया आज नाही. मिशनचे इस्पितळ अमेरिकन मिशन हॉस्पिटल या नावाने अजून चालू आहे.