किनारी नौकानयन (कोकण किनारा)

जमीन नजरेच्या टप्प्यात ठेवून, किनाऱ्यावरच्या खुणा, नकाशा, होकायंत्र आणि भरती-ओहोटीचा हिशेब यांच्या आधारे होडी चालवण्याची विद्या. कोकणात तिचा पहिला धडा पाण्याच्या चढउताराचा असायला हवा. इथल्या होड्या अडचणीत येतात त्या बहुधा खाडीच्या तोंडाशी.

भरतीची वेळ काढायचा पिढीजात हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी. जागेनुसार हे थोडे मागेपुढे होते, तेव्हा नवख्याने छापील कोष्टक पाहावेच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण (सर्वांत मोठा चढउतार), अष्टमीच्या आसपास भांग (सर्वांत लहान चढउतार). उधाणात मुंबईला पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, गोव्याकडे जेमतेम दोन.

हा चढउतार मात्र सारख्या गतीने होत नाही. सहा तासांत तो साधारण बाराव्या हिश्शांनी १, २, ३, ३, २, १ असा वाटला जातो. ओहोटीला ०.६ आणि भरतीला ४.२ मीटर पाणी असेल, तर मधल्या दोन तासांतच १.८ मीटर, म्हणजे पुरुषभर पाणी हलते. खाडीतली ओढही तेव्हाच सर्वांत जोरकस. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समोरून लाटा आल्या की तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावर त्या उभ्या राहून फुटतात. समुद्राकडून येणाऱ्याला लाटांची फक्त पाठ दिसते, फेस दिसत नाही. धोका कळेपर्यंत होडी दांड्यावर गेलेली असते. म्हणून आत शिरायचे ते भरतीच्या शेवटच्या तास-दोन तासांत. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे उत्तम असतात, पण दांडे पावसाळ्यात सरकतात. त्यांची ताजी खबर गावच्या तांडेलाकडेच (होडीच्या म्होरक्याकडेच) मिळते, जीपीएसकडे नाही.

आपण कुठे आहोत हे ठरवायला देवळाचा कळस आणि मागचा डोंगरमाथा एका रेषेत आले की नकाशावर एक रेघ मिळते. होकायंत्राने तिसऱ्या खुणेची दिशा घेतली की रेघा छेदतात तिथे होडी. या किनाऱ्यावर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहून कमी फरक असल्याने नवख्याने तो सोडून दिला तरी चालते. होकायंत्राशेजारी ठेवलेला मोबाइल त्याहून जास्त घोटाळा करतो. सागरी मैल (१८५२ मीटर) म्हणजे अक्षांशाचे एक मिनिट. म्हणून अंतर नकाशाच्या उभ्या कडेवर मोजतात, आडव्या कडेवर कधीच नाही.

भारतात बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला ठेवतात, अमेरिकेत उलटे. इंजिनाच्या दोन होड्या समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळायचे, हा समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नवख्याने आधी पाठ करायचा नियम.

हवामानात रोजचा खेळ दोन वाऱ्यांचा. पहाटे जमिनीकडून मतलई, दुपारनंतर समुद्राकडून खारा. उन्हाळ्यात हा खारा वारा वायव्येकडून चांगलाच भरतो. त्यामुळे शिकण्याची वेळ सकाळची. मात्र वारा पडलेला असला तरी दूरच्या वादळाची लांब लाट किनाऱ्याला येऊ शकते. तिच्यासाठी हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेचा लाटांचा अंदाज आणि वाऱ्यासाठी हवामान खात्याचा मच्छीमारांना दिलेला इशारा, असे दोन्ही पाहावे लागतात. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि शिकाऊ होड्यांचेही तेव्हा समुद्रात काही काम नसते. एरवीही बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी वाऱ्याचा इशारा) चढला की पुढचा इशारा येईपर्यंत नांगर उचलायचा नाही.