साडी पटकन मोजली जाते, द्राक्षाचं काय?

मेनरोडला माझ्या मावसभावाचं साड्यांचं दुकान आहे, दिवाळीआधी स्टॉक मोजायचा म्हणजे दोन दिवस नुसती हमाली, एकेक साडी काढा, बारकोड शोधा, गन धरा, टीं वाजलं की पुढची. यंदा त्याने आरएफआयडीवाल्याला (म्हणजे मालावरचे टॅग रेडिओ लहरींनी लांबून वाचायचं तंत्र) डेमोला बोलावलं, म्हटलं बघू तरी. एका कपाटातल्या 200 साड्यांना आदल्या दिवशीच टॅग लावून ठेवलेले, त्या माणसाने रीडर नुसता समोरून फिरवला, एकही घडी हलवली नाही, आणि आकडा आला 240!

40 साड्या आल्या कुठून? तर पठ्ठ्याची बॅग काउंटरवर होती, त्यात उरलेले टॅग. बारकोड समोर दिसावा लागतो, इथे बॅगेची चेनसुद्धा आड येत नाही.

एक टॅग मी उजेडात धरून बघितला. आत ॲल्युमिनियमची नागमोडी पट्टी, तो अँटेना, आणि मधोमध मोहरीहून बारीक ठिपका, ती चिप. बॅटरी नाहीच. रीडर रेडिओ लहरी सोडतो (आपल्याकडे साधारण 865 ते 868 मेगाहर्ट्झ), त्यातूनच चिप जागं व्हायपुरती वीज उचलते आणि तीच लहर कमीजास्त परतवून आपला नंबर सांगते, लहानपणी आरशाने उन्हाचा कवडसा मारायचो ना, तसं. सगळे एकदम बोलले तर कालवा होईल म्हणून प्रत्येक टॅग एक रँडम आकडा घेऊन पाळीची वाट बघतो. आणि बारकोड एका प्रकारच्या सगळ्या मालाला एकच असतो, टॅगमध्ये मात्र बहुतेक 96 बिटचा नंबर, प्रत्येक नगाला वेगळा. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हाच प्रकार.

पण पिंपळगावकडचा आमचा द्राक्षवाला मित्र म्हणाला, मग पेट्यांना लावतो की, तिथे गाडी अडली. द्राक्ष म्हणजे 80 टक्के पाणी, आणि पाणी या लहरी गिळून टाकतं, धातू त्या परत फेकतो. पेट्यांची थप्पी लावली की बाहेरच्या बोलतात, आतल्या गप्प. वाइनच्या बाटल्यांचं तेच. 2003 मध्ये वॉलमार्टने मोठ्या 100 पुरवठादारांना 2005 पासून टॅग लावा म्हणून सांगितलं होतं, त्यांनाही हे पाणी आणि धातू नडलेच, वर टॅगचा खर्च. बारकोडला काय, छापायची शाई. 1974 मध्ये अमेरिकेत च्युइंगमच्या पाकिटावर पहिल्यांदा स्कॅन झालेल्या त्या काळ्या रेघा म्हणून तर अजून टिकून आहेत.

भावाने शेवटी पैठण्यांना टॅग घेतले, ब्लाउजपीसला गनच चालू आहे.