अर्ध्या मिलिमीटरचा हुंदका

स्टील गिटार म्हणजे स्टीलची गिटार नव्हे. चांगल्या कानसेनांनाही ती धातूची असते असं वाटतं, म्हणून सुरुवातीलाच सांगतो. तिचा सांगाडा बहुतेक वेळा लाकडाचाच असतो. 'स्टील' असतं ते वादकाच्या डाव्या हातात: एक गुळगुळीत, जड पोलादी कांडी. वादक तिला 'बार' म्हणतात. गिटार मांडीवर किंवा चौकटीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या नख्यांनी तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला बार तारांवरून अलगद फिरवायचा. तारा पट्टीपासून इतक्या उंच असतात की त्या पडद्यांना टेकतच नाहीत. पडद्यांच्या जागी नुसत्या रेघा आखलेल्या असतात, नजरेला खूण म्हणून.

आपल्याकडे हे वाद्य 'हवाईयन गिटार' या नावाने माहीत आहे. आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की सिनेमाच्या गाण्यांच्या ज्या धून लागत, त्यांतला लांबवर ओढलेला गोड सूर आठवा. व्हॅन शिप्ली, सुनील गांगुली ही नावं रेडिओ ऐकणाऱ्या पिढीला अनोळखी नाहीत. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी तर याच वाद्यावर राग मांडले. नाव हवाईयन, कारण मूळ हवाई बेटांवरचं. १८८९ च्या सुमारास जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने गिटारच्या तारांवर लोखंडाचा तुकडा घासून पाहिला आणि तिथून ही वादनपद्धत सुरू झाली, असं मानतात. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेला हवाईच्या संगीताचं वेड लागलं आणि हे वाद्य दक्षिणेकडच्या ग्रामीण गायकांपर्यंत, म्हणजे 'कंट्री' संगीतापर्यंत पोहोचलं.

त्या गायकांमधलं सर्वांत मोठं नाव हँक विल्यम्स. १ जानेवारी १९५३ रोजी, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी तो गेला. त्याच्या आधी बरोबर शंभर दिवस, २३ सप्टेंबर १९५२ ला, कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात त्याचं शेवटचं ध्वनिमुद्रण झालं. 'युअर चीटिन हार्ट' हे गाणं त्या दिवसाचं. ते सुरू होतं तेच स्टील गिटारने, आणि हँकने तोंड उघडण्याआधीच ऐकणाऱ्याला कळतं की काहीतरी मोडलेलं आहे. ती गिटार डॉन हेल्म्सची. १९२७ साली अलाबामात जन्मलेला हा माणूस किशोरवयातच हँकच्या 'ड्रिफ्टिंग काउबॉईज' या ताफ्यात आला आणि हँकच्या शंभराहून अधिक गाण्यांवर वाजवून गेला. गिब्सन कंपनीची दोन दांड्यांची गिटार, प्रत्येक दांडीवर आठ तारा, पायाखाली सूर बदलणारं एकही पेडल नाही.

हेल्म्सला निर्माते फ्रेड रोझ यांची ताकीद होती: वरच्या सुरांत वाजव. हँकचा आवाज खालच्या-मधल्या पट्टीत, तेव्हा गिटारने त्याच्या वाटेत येऊ नये. रोझ संगीतातले मुरलेले व्यापारी होते. मला मोह होतो तो यामागे असलेलं कानाचं शास्त्र सांगण्याचा. आपल्या कानातल्या शंखात आवाजाची लाट शिरते, तेव्हा उंच सूर प्रवेशद्वाराजवळच्या पटलाला हलवतात आणि खालचे सूर आत, टोकापर्यंत जातात. म्हणजे खालच्या सुराची लाट वरच्या सुरांच्या अंगणातूनच पुढे जाते आणि जाता जाता तिथे गडबड करते. उंच सुराची लाट मात्र आत पोहोचतच नाही. त्यामुळे मोठा खालचा सूर वरच्या सुराला जितका झाकतो, तितका वरचा सूर खालच्याला झाकत नाही. हेल्म्स हँकच्या वर राहिला म्हणून हँकचा शब्द न् शब्द स्वच्छ राहिला. हेल्म्सला स्वतःचं जे सांगायचं, ते तो ओळींच्या मधल्या मोकळ्या जागांत सांगे.

पण तो सूर रडल्यासारखा का वाटतो? यासाठी तारेचं गणित बघायला हवं, आणि ते शाळेतलंच आहे. तार किती उंच वाजणार हे तीन गोष्टींवर ठरतं: लांबी, ताण आणि दर सेंटिमीटरला असलेलं वजन. वजन वाजवता वाजवता बदलत नाही. उरले दोन मार्ग. सरोदिया तारेवर नख घसरवतो, म्हणजे लांबी बदलतो. सतारिया तार पडद्यावर आडवी खेचून मींड काढतो, म्हणजे ताण बदलतो. हेल्म्सची गिटार पहिल्या घराण्यातली. आपल्या विचित्र वीणेची सख्खी बहीणच म्हणा, तिथे काच असते आणि इथे पोलाद.

तार २४ इंचांची, म्हणजे ६१ सेंटिमीटरची धरू. खुंट्यांकडच्या टोकाशी अर्धा सूर (पेटीवरच्या लगतच्या पट्टीइतकं अंतर) चढवायला बार ३.४ सेंटिमीटर सरकवावा लागतो. एक सप्तक वर गेलं की तेच अंतर १.७ सेंटिमीटर उरतं, आणि दोन सप्तकं वर जेमतेम ९ मिलिमीटर. आता अर्ध्या सुराचे शंभर भाग करा. त्या एका भागाला 'सेंट' म्हणतात. तयार कानाला साधारण ५ सेंटांची चूक कळते. बार १ मिलिमीटर चुकला तर खुंट्यांकडे ३ सेंट, मधल्या सप्तकावर ६, आणि अगदी वर ११ सेंटांची चूक होते. म्हणजे रोझ यांनी हेल्म्सला ज्या प्रदेशात पाठवलं, तिथे मिलिमीटरभर चूकही लपत नाही आणि टेकायला पडदाही नाही. तो बार सुराच्या किंचित खालून आणून जागेवर थांबवायचा आणि मग हलकेच पुढेमागे थरथरवायचा. असं कंपन असलं की कान त्या हालचालीचा मध्य हाच सूर मानतो. गळ्यात हेच घडतं. स्वरतंतूंनाही पडदे नसतात. गाणारा माणूस सुरावर चालत जातो, उडी मारून पोहोचत नाही. म्हणून या वाद्यात आपल्याला माणूस ऐकू येतो.

दुसरं कारण सूर टिकण्याचं. पडद्याशिवाय नुसत्या बोटाने तार दाबली तर बोटाचं मऊ मांस तिची ऊर्जा पिऊन टाकतं. आजचा नेहमीचा बार सुमारे पाव किलोचा असतो, आणि त्याखाली कंप पावणारी बारीक तार एका ग्रॅमहूनही हलकी. इतका फरक असला की तारेतली लाट बारवर आपटून जवळजवळ पूर्णच परत फिरते. बारच्या मागचा तारेचा तुकडाही वाजू पाहतो, त्याला वादक मागची बोटं टेकवून गप्प करतो. याला जोड असते आवाजाच्या पेडलची. तार छेडताना आवाज कमी ठेवायचा आणि तार विझत जाईल तसा पायाने तो वाढवत न्यायचा. छेडल्याचा 'टण्' असा पहिला क्षण हीच आपल्या कानाची वाद्य ओळखण्याची मोठी खूण असते. ती पुसली की कानाला हे व्हायोलिन की गळा, ते ठरवता येत नाही.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो, कारण मोबाइलवर ती सारखी येते: '४३२ हर्ट्झचं संगीत पेशी बरे करतं, ४४० हर्ट्झचं मन बिघडवतं.' ४४० हा जगभरच्या वाद्यांचं एकमेकांशी जुळावं म्हणून 'ए' या एका सुरासाठी ठरवलेला आकडा आहे, जसा रेल्वेच्या दोन रुळांतलं अंतर हा ठरवलेला आकडा आहे. ४३२ आणि ४४० यांच्यात फरक ३२ सेंटांचा. आपल्या ६१ सेंटिमीटरच्या तारेवर तो बारच्या ११ मिलिमीटर हालचालीत संपतो. स्टील गिटारवाला एका गाण्यात त्या तथाकथित दैवी सुरावरून कितीतरी वेळा येतो-जातो. शिवाय हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप. त्यात निसर्गाचा गुप्त संदेश शोधणं आणि त्यावर आजारी माणसाची आशा टांगणं मला सहन होत नाही.

आता हेल्म्सच्या वाद्याची मर्यादा. सरळ धरलेला बार सगळ्या तारा एकाच प्रमाणात आखूड करतो. तारा सा-ग-प अशा जुळवल्या असतील, तर बार कुठेही न्या, सा-ग-पच मिळणार, फक्त सा बदललेला. एकच तार वेगळी हलवायची तर बार तिरपा धरावा लागतो, आणि अर्ध्या सुराचं अंतर जागोजागी वेगळं असल्याने तिरकेपणाही जागोजागी वेगळा. जेरी बर्ड या कलेचे उस्ताद होते. हँकच्या 'लव्हसिक ब्लूज' या पहिल्या मोठ्या यशावर, १९४८ च्या डिसेंबरात, स्टील गिटार त्यांचीच आहे. तरीही सा जागेवर ठेवून बाकीचे दोन सूर हवे तसे वर न्यायचे, हे बारने साधणं अवघडच.

ते साधलं दुसऱ्या मार्गाने. १९५३ च्या अखेरीस वेब पिअर्स या गायकाचं 'स्लोली' ध्वनिमुद्रित झालं आणि १९५४ साली ते गाजलं. त्यावर बड आयझॅक्स यांनी पायाच्या पेडलने तारांचा ताण बदलला. पेडलं त्याआधीही होती, पण ती एका जुळणीतून दुसऱ्या जुळणीत जाण्यापुरती. आयझॅक्स यांनी तारा वाजत असतानाच पेडल दाबलं आणि सुरांचा तो प्रवास लोकांना ऐकवला. पुढे बडी एमन्स यांनी त्या एका पेडलचं काम दोन पेडलांत वाटलं, म्हणजे प्रत्येक तार स्वतंत्र चढवता येऊ लागली. आजच्या दहा तारांच्या वाद्यावर एक पेडल ग चा म करतं आणि दुसरं प चा ध. दोन्ही दाबली की सा-ग-प विरघळून सा-म-ध होतं, आणि सा तसाच उभा. सरोद आणि सतार एकाच चौकटीत आली.

यातलं प चा ध करणारं पेडल मला विलक्षण वाटतं. पूर्ण एक सूर चढवायचा तर वारंवारता सुमारे १२ टक्के वाढायला हवी, आणि वारंवारता ताणाच्या वर्गमुळावर चालते, म्हणून ताण २६ टक्के वाढवावा लागतो. त्या तारेवर मुळात १२ किलोंच्या आसपास ओढ असते, ती १५ किलोंपर्यंत जाते. हे काम बारने करायचं तर खुंट्यांकडच्या टोकाशी साडेसहा सेंटिमीटर सरकावं लागलं असतं. पेडल दाबल्यावर तार किती लांबते? मी हिशेब मांडला: अर्ध्या मिलिमीटरच्या थोडंसं वर. कारण सोपं आहे. पोलाद ताठ असतं. तार सैल अवस्थेतून सुरात येईपर्यंत ती स्वतः फक्त दोन-सव्वादोन मिलिमीटर लांबलेली असते. हूकच्या नियमाने ताण आणि लांबणं एकाच प्रमाणात वाढतं, आणि सव्वादोनचे २६ टक्के म्हणजे तो अर्धा मिलिमीटर. साडेसहा सेंटिमीटर कुठे आणि हे कुठे! पायाच्या दाबातून सळ्यांमार्फत आलेली ओढ घोडीशी असलेल्या छोट्या फिरत्या तुकड्यावर पोहोचते, तो केसभर वळतो, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं.

याची किंमतही तारच मोजते. सगळ्यांत उंच सुराची तार याच वाद्यावर वारंवार तुटते, आणि जाड तार लावून प्रश्न सुटत नाही. जाड तार जड असते, तिला त्याच सुरात आणायला जास्त ओढ लागते. ओढ आणि तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात, त्यामुळे दर चौरस मिलिमीटरवरचा भार जाडीने बदलत नाही. तो लांबी, वारंवारता आणि पोलादाची घनता यांवरच ठरतो. ४१५ हर्ट्झच्या त्या तारेला तो चौरस मिलिमीटरमागे सुमारे २०० किलो पडतो, पेडल दाबून ४४० केली की २३०. उत्तम प्रतीची बारीक पोलादी तार अडीचशे ते तीनशे किलोंच्या दरम्यान कधीतरी हार मानते. म्हणजे प्रत्येक वेळी पाय खाली जातो, तेव्हा ती तार कड्याच्या काठापर्यंत जाऊन परत येते.

'स्लोली' गाजल्यावर नॅशव्हिलच्या वादकांची पेडलं बसवून घेण्यासाठी धावपळ उडाली. जेरी बर्ड त्या वाटेला गेले नाहीत. पुढे ते हवाईतच जाऊन राहिले आणि बिनपेडलचं वादन तिथल्या मुलांना शिकवू लागले. हेल्म्सनेही आपली जुनी गिब्सन सोडली नाही. १९५७ साली पॅट्सी क्लाइनचं 'वॉकिन आफ्टर मिडनाइट' देशभर वाजू लागलं, त्यातली स्टील गिटारही हेल्म्सचीच, आणि पेडलशिवाय. २००८ साली तो वारला.

'युअर चीटिन हार्ट' आणि 'स्लोली' एकामागोमाग ऐका, शक्यतो हेडफोन लावून. पहिल्यात सगळे सूर हातात हात घालून एकत्र सरकतात. दुसऱ्यात एक सूर जागेवर उभा असतो आणि बाकीचे त्याच्यापासून वर निघून जातात.