पडलेलं झाड उचलायचं की राहू द्यायचं?

1983च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या बव्हेरियन फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात वादळ आलं आणि स्प्रूसची, म्हणजे थंड प्रदेशातल्या एका सूचिपर्णी वृक्षाची, झाडं मोठ्या पट्ट्यांत आडवी झाली. युरोपातल्या वनखात्यांचा शिरस्ता असा, की पडलेलं लाकूड ताबडतोब बाहेर काढायचं. नाहीतर त्यात सालीचे भुंगेरे वाढतात आणि मग उभी झाडंही धरतात. इथे मात्र उद्यानाच्या गाभ्यातली झाडं जागच्या जागी राहू द्यायचं ठरलं. बव्हेरियाचे तेव्हाचे वनमंत्री हान्स आयझेनमान त्या निर्णयामागे उभे राहिले.

भीती काही खोटी नव्हती. पुढच्या दोन दशकांत भुंगेऱ्यांनी हजारो हेक्टरवरचे स्प्रूस वाळवले. डोंगरच्या डोंगर राखाडी दिसू लागले, गावकरी भडकले. मला त्यांचा राग समजतो. ज्यांनी जंगल म्हणजे हिरवीगार, नीटनेटकी लागवड असंच पाहिलं, त्यांना तो उजाडपणाच वाटणार.

पण वाळलेल्या खोडांखाली ऊन पोहोचलं. रोवन, बर्च आणि स्प्रूसचीच नवी रोपं आपोआप वर आली. मेलेल्या लाकडात एक बुरशी पोखरून जाते, तेव्हाच दुसरीला जागा मिळते. लिंबासारख्या पिवळ्या रंगाची एक दुर्मीळ बुरशी अशीच, आधी दुसऱ्या बुरशीने कुजवलेल्या खोडांवर वाढते. जर्मनीत ती जवळपास दिसेनाशी झाली होती. या उद्यानात ती पुन्हा ठिकठिकाणी सापडू लागली.

म्हणून सगळीकडे हात आखडता घ्यावा, असंही नाही. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात हीथ फ्रिटिलरी हे फुलपाखरू उलट नव्याने तोडलेल्या मोकळ्या जागांवरच टिकून आहे. तिथली तोड थांबली, की त्याच्या अळीचं खाद्यही सावलीत संपतं.

बव्हेरियातल्या उद्यानाला लागून मात्र खासगी जंगलं आहेत, तिथे भुंगेरा पोहोचू देणं परवडत नाही. तिथली मला सगळ्यात पटलेली युक्ती अगदी साधी आहे. हा जेमतेम 5 मिलिमीटरचा किडा लाकडात नव्हे, सालीच्या आतल्या ओलसर थरात अंडी घालतो. मग अख्खं खोड ट्रकमधून कशाला न्यायचं? संशोधकांनी यंत्राने सालीवर लांबलचक चरे पाडून पाहिले. तो थर सुकतो, पिल्लं मरतात, पण बाकीची साल आणि लाकूड इतर कीटकांना आणि बुरशींना राहतं. पूर्ण साल सोलली तर त्यांचीही गच्छंती होते. अट एकच: झाड आडवं हवं आणि नवे भुंगेरे उडून जायच्या आत चरे पडायला हवेत.