ॲमेझॉनमधील कर्मचाऱ्यांची हवामान चळवळ

अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीचे हवामानविषयक धोरण बदलावे यासाठी तिच्याच कर्मचाऱ्यांनी उभी केलेली चळवळ. ‘ॲमेझॉन एम्प्लॉईज फॉर क्लायमेट जस्टिस’ या नावाने ती ओळखली जाते. तिचे केंद्र सिॲटल येथील कार्यालयांत होते आणि कार्यकर्त्यांत अभियंते व डिझायनर यांचा भरणा होता.

पगाराबरोबर शेअर मिळत असल्याने हे कर्मचारी कंपनीचे भागधारकही होते. २०१८ च्या अखेरीस त्यांनी हाच हक्क वापरला आणि हवामानबदलाला तोंड देण्याची योजना कंपनीने जाहीर करावी, असा ठराव दिला. एप्रिल २०१९ मध्ये संस्थापक जेफ बेझोस व संचालक मंडळ यांना लिहिलेल्या खुल्या पत्रावर पुढे ८,७०० हून अधिक सह्या झाल्या. २२ मे २०१९ च्या वार्षिक सभेत चळवळीतील कार्यकर्त्या एमिली कनिंगहॅम यांनी ठराव मांडला. बेझोस यांनी समोर येऊन ऐकावे, अशी विनंती त्यांनी केली. ते त्या वेळी आले नाहीत. ठरावाला जवळपास ३० टक्के मते मिळाली आणि तो फेटाळला गेला.

मग कर्मचाऱ्यांनी २० सप्टेंबरला काम सोडून बाहेर पडण्याचे जाहीर केले. त्यांच्या मागण्या तीन होत्या: २०३० पर्यंत शून्य कार्बन उत्सर्जन, तेल व वायू कंपन्यांना तेलसाठे शोधण्या-उपसण्यासाठी क्लाउड सेवा (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारी संगणकशक्ती) पुरवणे बंद करणे आणि हवामानबदल नाकारणाऱ्या राजकारण्यांना देणग्या न देणे. आदल्याच दिवशी बेझोस यांनी ‘क्लायमेट प्लेज’ जाहीर केले. त्यात २०४० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (म्हणजे जेवढा कार्बन सोडला जाईल तेवढ्याची भरपाई करण्याचे) वचन आणि रिव्हियन कंपनीकडून १ लाख विद्युत गाड्या घेण्याची घोषणा होती. २०१८ मध्ये कंपनीचे उत्सर्जन ४.४४ कोटी टन होते, हा आकडाही तेव्हाच प्रथम उघड झाला. एवढे पदरात पडणे हे कर्मचाऱ्यांच्या रेट्याचेच फळ मानावे लागते. तेल कंपन्यांशी असलेले करार मात्र कंपनीने सोडले नाहीत.

याच काळात कंपनीने बाहेर बोलण्याचे नियम बदलले आणि पूर्वपरवानगीविना कंपनीविषयी जाहीर मत मांडणाऱ्या काहींना नोकरी जाण्याचा इशारा दिला. त्यावर जानेवारी २०२० मध्ये ३५० हून अधिक जणांनी स्वतःच्या नावानिशी निवेदने प्रसिद्ध केली. पोटावर पाय येऊ शकतो हे ठाऊक असताना नाव घालणे, हे या चळवळीतले सर्वांत धैर्याचे पाऊल होय.

एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या साथीत गोदाम कामगारांच्या सुरक्षिततेसाठी आवाज उठवल्यानंतर, कनिंगहॅम आणि चळवळीतील त्यांच्या सहकारी मॅरेन कोस्टा यांना बडतर्फ करण्यात आले. अंतर्गत नियमांचा वारंवार भंग, असे कारण कंपनीने दिले. याच्या निषेधार्थ ॲमेझॉनचे एक उपाध्यक्ष टिम ब्रे यांनी राजीनामा दिला. कामगारांच्या हक्कांच्या तक्रारी पाहणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाला दोघींच्या तक्रारीत तथ्य आढळले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तडजोड झाली: बुडालेले वेतन द्यायचे आणि संघटित होण्याच्या हक्काची नोटीस कर्मचाऱ्यांसाठी लावायची. १९३५ चा अमेरिकी श्रमसंबंध कायदा कामाच्या अटींविषयी एकत्र येऊन बोलणाऱ्यांना संरक्षण देतो. केवळ हवामानासाठी बोलणाऱ्याला ते कितपत मिळेल, हे तितके स्पष्ट नाही.

बडतर्फीनंतरही चळवळ विझली नाही. कंपनीचे उत्सर्जन २०२१ मध्ये ७.१५ कोटी टनांवर गेले होते. ३१ मे २०२३ रोजी सिॲटलमध्ये कर्मचारी पुन्हा काम सोडून बाहेर पडले.